पहिल्या वर्षी भरपूर बघा: गावाहून पणजीच्या कॉलेजात येणाऱ्यांसाठी

कॉलेज सुरू झालं की सगळे एकच सांगतात: भाग घ्या, स्टेजवर जा. मी म्हणेन, पहिलं वर्ष बघण्यात घालवा. प्रेक्षक होणंही शिकावं लागतं, आणि गोव्यात ते जवळजवळ फुकटात शिकता येतं. लागते ती परतीची बस, घरची परवानगी आणि हजेरी.

माझं गाव सत्तरीत, कॉलेज पणजीत. त्यामुळे कार्यक्रम ठरवताना मी आधी परतीची गाडी बघते. कदंब स्टँडवर जाऊन शेवटच्या गाडीची वेळ विचारा, आणि नेहमीच्या कंडक्टरकडून खात्री करून घ्या. रविवारी किंवा सणाला कुठली गाडी सुटत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. नाटक संध्याकाळी उशिरा सुरू होणार असेल तर आमच्याकडची गाडी मिळत नाही. मग मी ताळगावला मावशीकडे राहते. घरी "फंक्शन आहे" असं मोघम सांगू नका. कार्यक्रमाचं नाव, जागा, सोबत कोण, रात्री मुक्काम कुठे, एवढं आधीच सांगितलं की पुढच्या वेळी आई स्वतःच विचारते, "यंदा काही नाही का?"

हजेरी 75 टक्के लागते. कॉलेजच्या कामासाठी तास बुडणार असेल तर संबंधित सरांची किंवा मॅडमची सही त्याच दिवशी घ्या. आठवड्याने गेलात तर त्यांनाही आठवत नाही.

काय चाललंय ते कळायला वाचनालयात जाऊन 'नवप्रभा', 'गोमन्तक' आणि 'तरुण भारत'ची स्थानिक पानं चाळा. गावच्या देवळातला दशावतारी काला असो की कला अकादमीतली मैफल, खबर तिथे लागते. 'सर्वांना प्रवेश खुला' असं लिहिलेलं असलं की बिनधास्त जा. निमंत्रण नाही म्हणून कोणी परत पाठवत नाही.

पहिला मोठा कार्यक्रम म्हणून मी वास्कोचा श्री दामोदर भजनी सप्ताह सुचवेन. कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झालेले असतात, अभ्यासाचा ताण नसतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सप्ताह बसतो आणि अहोरात्र भजन चालतं. शहरात प्लेगची साथ आली तेव्हापासूनची ही परंपरा. फेरीत, म्हणजे सप्ताहाला भरणाऱ्या बाजारात, खरेदी जरूर करा, पण आधी देवळात जाऊन एक भजन पुरं ऐका. पखवाजावर लय कशी चढते, झांजा कधी थांबतात, पाठीमागचे साथीदार मुख्य गायकाचा शेवटचा शब्द कसा उचलतात, याकडे लक्ष द्या. एकदा हे कानात बसलं की पुढे कुठलीही भजन स्पर्धा ऐकायला वेगळीच मजा येते.

यानंतर कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा. माझा सगळ्यात जास्त जीव हिच्यात आहे. गोव्यातल्या गावागावांतून हौशी मंडळं येतात. दिवसा नोकरी करून रात्री तालमी केलेली ही माणसं असतात. कांपालला मांडवीकाठी असलेली अकादमीची इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. आतल्या नाट्यगृहाला आमच्या मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, आणि तिथल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षक रंगवले होते. अर्धा तास आधी जा. मधल्या रांगांत, शक्य झालं तर वयस्कर माणसांच्या शेजारी बसा. यातल्या बऱ्याच जणांनी गावच्या उत्सवी नाटकांत कामं केलेली असतात. माझे बाबाही करतात. मध्यंतरात या शेजारच्या माणसांना विचारा, "नेपथ्य कसं वाटलं?" प्रकाश कुठे चुकला, पात्राची एन्ट्री कुठे लांबली, हे ते असं सांगतात की दुसरा अंक तुम्ही वेगळ्या नजरेने बघता. घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहा. गोष्ट लिहायची गरज नाही, डोळ्यांसमोरून जात नाही तो एकच प्रसंग लिहा.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून गोव्यात होतो, नोव्हेंबरात. नोंदणी ऑनलाइन आणि वेळेत करा, कॉलेजचं आयकार्ड जवळ ठेवा, आणि परीक्षेचं वेळापत्रक आधी बघा. दिवसाला दोन सिनेमे पुरे. तिसऱ्यात डोळे मिटायला लागतात आणि पहिल्या दोघांची सरमिसळ होते. सिनेमा निवडताना जे एरवी आपल्याकडे लागणारच नाहीत असे देश निवडा. सेरेंडिपिटी कला महोत्सव डिसेंबरात येतो. तो पणजीभर पसरलेला असतो, म्हणून एका दिवशी एकच जागा धरा.

मराठी घरातल्या मुलांनी तियात्रही बघावं. 1892 मध्ये मुंबईत सुरू झालेला हा कोकणी नाट्यप्रकार. अंकांच्या मध्ये कांतारं, म्हणजे गाणी, होतात, कित्येकदा थेट राजकारणावर, आणि प्रेक्षक आवडलं की खुलेपणाने दाद देतात. सोबत एखादी कोकणी बोलणारी मैत्रीण घ्या. काही विनोद तिने सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

कॉलेजातले कार्यक्रम असतील तेव्हा पडद्यामागचं काम मागून घ्या. एकांकिकेच्या वेळी प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल सांभाळणाऱ्याला सगळं नाटक पाठ होतं. कुठली वस्तू कोणाच्या हातात कधी द्यायची याची यादी करा आणि टेबलावर चिकटवा.

आता उलट दिशेने. फाल्गुनात वर्गातल्या मित्रमैत्रिणींना गावी बोलवा. सत्तरी आणि डिचोलीतला घोडेमोडणी हा पारंपरिक नाच त्यांनी बघितलेला नसतो. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, डोक्याला पगडी, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, आणि ढोल-ताशावर मागेपुढे होणारी पावलं. सत्तरीच्या राणे घराण्याच्या लढायांशी लोक त्याचं नातं सांगतात. पाहुण्यांना आधीच समजावा: हा देवाचा विधी आहे, नाचणाऱ्यांच्या वाटेत मोबाईल घेऊन शिरायचं नाही, आणि फोटोआधी गावातल्या जाणत्यांना विचारायचं. कपडे साधे, चपला सहज काढता येतील अशा. रात्री परतायला गाडी नसते, तेव्हा किती जण येणार ते आईला दोन दिवस आधी सांगा, म्हणजे तेवढी अंथरुणं शेजारून मागून आणता येतात.