नजर धूसर झाली? चष्म्याच्या दुकानाआधी एक डोळा झाका

दिसायला कमी झालं की पाय आधी मेनरोडवरच्या चष्म्याच्या दुकानाकडे वळतात. त्याआधी घरीच एक करा. सकाळच्या उजेडात, नेहमीचा चष्मा लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर उभे राहा. तळव्याने एक डोळा झाका, दाबू नका, आणि तारखा वाचा. मग दुसरा झाका. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याचं निभावून नेतो आणि महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. कॅलेंडरच्या सरळ रेघा वाकड्या दिसल्या तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी बिघाड असू शकतो.

एकाचे दोन दिसतात? एक डोळा झाकूनही दोनच दिसले तर बहुधा नंबर किंवा मोतीबिंदू. कोणताही डोळा झाकल्यावर एकच दिसलं तर दुखणं स्नायूंचं किंवा नसेचं. हे अचानक झालं तर त्याच दिवशी दवाखाना. त्यात पापणी पडली, बाहुली मोठी झाली, तर तासभरही थांबू नका.

नजर आज साफ, उद्या धूसर, असं चाललं तर शुगर तपासा. शुगर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर बदलतो. तेव्हा केलेला चष्मा वाया जातो. शुगर आटोक्यात आल्यावर महिना-दीड महिन्याने नंबर काढा. पडद्याचं नुकसान मात्र सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, म्हणून टाइप २ मधुमेह कळल्यापासून दरवर्षी थेंब टाकून पडदा तपासायचा. त्यानंतर चार-सहा तास धूसर दिसतं. निफाड-दिंडोरीहून नाशिकला बाइकवर येणाऱ्यांनी चालवायला कुणाला तरी सोबत आणावं.

कावीळ ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीपाशी, वरची पापणी उचलून बघा. पांढऱ्या भागातला रक्ताचा डाग दिसतो भयंकर, पण मार लागला नसेल, दुखत नसेल, नजर ठीक असेल तर दोनेक आठवड्यांत जातो. बीपी तेवढं मोजून घ्या.

द्राक्षबागेत फवारणीनंतर धूसर दिसतंय, घाम आणि लाळ सुटलीय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात? ही विषबाधा आहे, डोळ्यांत थेंब घालत बसू नका. 108 ला फोन करा, कपडे उतरवा, हातमोजे घालून साबणाने अंग धुवा, फवारणीच्या औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्या.

एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला आणि पाच मिनिटांत गेला, तरी तसंच दवाखान्यात निघा. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो.