स्टेथोस्कोप थोडा वेळ गळ्यातच राहू द्या

फिजिओथेरपीच्या इंटर्नांची नवी बॅच कार्डिओ-रेस्पिरेटरी पोस्टिंगला आली, की दरवर्षी एक दृश्य ठरलेलं. पेशंटच्या खाटेपाशी पोचायच्या आतच स्टेथोस्कोप कानात गेलेला असतो. पेशंट बिचारा काहीतरी सांगत असतो, आणि इंटर्नला ते ऐकूच येत नाही. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या पेशंटची तपासणी कशी करायची, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं आहेच. मी लिहितेय ते नागपूरच्या वॉर्डात ती प्रत्यक्षात कशी होते त्याबद्दल. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: दम हृदयाचा की फुप्फुसाचा, याचा अंदाज बहुतेक वेळा कान लावायच्या आधीच आलेला असतो. छातीतला आवाज तो अंदाज पक्का करतो किंवा मोडतो.

आधी विचारपूस. मेडिकल असो की मेयो (नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं), इथे पेशंट येतो तो गडचिरोली-चंद्रपूरहून, भंडारा-गोंदियाहून, आणि तितकाच छिंदवाडा-बालाघाटहून. मराठी, हिंदी, कधी गोंडी बोलणारी आजी आणि मधे दुभाष्या नातू. ‘श्वसनाचा त्रास आहे का’ असलं काही विचारू नका. ‘काकाजी, दम कशानं लागते? चालल्यानं का बसल्या बसल्या?’ असं विचारा. पुढचा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातला हवा: विहिरीवरून पाणी आणताना मधे थांबावं लागतं का, आंघोळ एका दमात होते का, बरोबरीच्या माणसांसोबत बाजाराला जाताना मागे पडता का. एमएमआरसी किंवा एनवायएचएची श्रेणी (दम किती लागतो, हे मोजायच्या ठरलेल्या पायऱ्या) यातूनच निघते, ती पेशंटला वाचून दाखवायची नसते.

‘झोपताना उशा किती घेता’ हा पुस्तकातला प्रश्न अनेकदा वाया जातो, कारण घरी उशी एकच असते किंवा नसतेच. रात्री आडवं झोपता येतं की टेकून बसावं लागतं, हे विचारा. मग विचारा, मधरात्री दम लागून उठता का, आणि उठून काय करता. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय कमजोर पडलेला, पेशंट सांगतो, की झोप लागून तास-दोन तास झाले की जीव घाबरून उठतो, पाय खाली सोडून बसतो, दार उघडून उभा राहतो, मग हळूहळू बरं वाटतं. सीओपीडीवाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला पेशंट, पहाटे खोकत उठतो, आणि बेडका पडला की मोकळं वाटतं म्हणतो. फरक अगदी काटेकोर नसतो, पण दिशा मिळते.

धुराचा प्रश्नही नीट विचारावा लागतो. ‘बिडी?’ ‘सोडली.’ ‘कधी?’ ‘परवा, इथं भरती झालो तेव्हा.’ म्हणून किती वर्षं ओढली आणि दिवसाला किती बंडल, हे विचारायचंच. बायांना ‘चूल की गॅस’ विचारलं तर उत्तर गॅस असंच येतं. पण ‘आंघोळीचं पाणी कशावर तापवता?’ म्हटलं की चूल बाहेर येते. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी कसा, याचं उत्तर बरेचदा त्या चुलीत असतं. काम कोणतं केलं हेही विचारा: कोळसा खाण, दगड फोडणं, राईस मिल. पूर्वी टीबी झाला होता का, हा प्रश्न तर विसरायचाच नाही. बरा झालेला टीबीसुद्धा मागे आकसलेलं फुप्फुस आणि वर्षानुवर्षांचा खोकला ठेवून जातो. आणि टीबीची शंका असेल तर एन-९५ मास्क आधी, गप्पा नंतर.

हे बोलणं चालू असतानाच डोळ्यांचं काम सुरू असतं. पेशंट एका श्वासात पूर्ण वाक्य बोलतो की दोन-दोन शब्दांवर थांबतो? ओठ चंबूसारखे करून श्वास सोडतो का? दोन्ही हात मांडीवर टेकवून पुढे वाकून बसलाय का? मानेचे स्नायू श्वासागणिक ताठतात का? सीओपीडी खूप वाढलेला असेल तर श्वास घेताना खालच्या बरगड्या बाहेर जाण्याऐवजी आत ओढल्या जातात. हे फक्त शर्ट काढल्यावर दिसतं, आणि शर्ट काढायला सांगायचा आपल्याकडे फार कंटाळा.

श्वासाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजा, आणि पेशंटला न सांगता मोजा. मनगट हातात धरून नाडी बघत असल्यासारखं करायचं आणि नजर पोटावर ठेवायची. सांगून मोजलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसात विश्रांतीत १२ ते २० ठीक. चार्ट चाळलेत तर सगळ्यांचाच वेग २० लिहिलेला सापडेल. अख्खा वॉर्ड जणू लेझीम खेळतोय. खरं म्हणजे पेशंट बिघडायला लागला, की बरेचदा सगळ्यात आधी हाच आकडा वर जातो.

मग हात बघा. नखं फुगीर वाटली तर दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरायला सांगा. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल तर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगणं. लिओ शॅमरोथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ मध्ये ही खूण मांडली, तीही स्वतःला एन्डोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग) झाला असताना स्वतःच्याच बोटांवर पाहून. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की नुसत्या सीओपीडीनं क्लबिंग होत नाही. सीओपीडीच्या पेशंटमध्ये ते दिसलं तर ब्रॉन्किएक्टेसिस (रुंदावलेल्या, सैल श्वासनळ्या), फायब्रोसिस (फुप्फुस कडक होणं) किंवा कॅन्सर तर नाही ना, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

निळसरपणा जिभेवर बघा, आणि खिडकीजवळच्या उजेडात. पण विदर्भात एक मेख आहे. साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असल्याशिवाय निळेपणा डोळ्यांना दिसत नाही. ज्याचं एकूण हिमोग्लोबिनच ६-७ आहे, तो निळा कधी पडणार? आपल्याकडे अॅनिमिया भरपूर आणि सिकलसेलही भरपूर, त्यामुळे ‘निळा नाही म्हणजे ठीक’ हा हिशोब इथे चालत नाही. सिकलसेलच्या पोराला ताप, छातीत दुखणं आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) उतरतंय असं दिसलं तर आपली तपासणी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमुळे फुप्फुसावर आलेलं संकट, थांबून राहत नाही. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पुसा, गार बोटं चोळून गरम करा, आणि सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा जरा जास्त दाखवला जाऊ शकतो हे ध्यानात असू द्या.

मानेची शीर नवख्यांना सगळ्यात अवघड जाते. पाठ ४५ अंशांवर टेकवा, मान किंचित डावीकडे वळवा, उजव्या बाजूला तिरप्या उजेडात बघा. कॅरोटिडचा, म्हणजे मानेतल्या धमनीचा, ठोका बोटाला लागतो. शिरेची हालचाल दिसते पण लागत नाही, दर ठोक्याला दोनदा हलते, आणि मुळाशी हलकं दाबलं की नाहीशी होते. छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून सरळ उभं अंतर ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर दाब वाढलेला. फुगलेली शीर, पायांवर सूज आणि रात्रीचा दम एकत्र आले की हृदयाकडे बोट जातं. सूज बघायला नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून ठेवा. पेशंट दिवसभर आडवाच असेल तर पाय कोरडे दिसतील आणि सूज माकडहाडापाशी असेल, तिथेही बघा.

छातीवर दोन्ही पंजे ठेवून अंगठे मधे जुळवा आणि दीर्घ श्वास घ्यायला लावा. जो अंगठा कमी सरकतो, ती बाजू आजारी. श्वासनलिका पाणी किंवा दाबाखालच्या हवेनं पलीकडे ढकलली जाते, आणि आकसलेल्या फुप्फुसाकडे ओढली जाते. बोटांनी ठोकून बघायची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव, पिंपं ठोकून आतली पातळी ओळखणं घरचंच. सराव घरी भिंतीवर करा, बीम कुठे लागते ते ओळखा.

आता स्टेथोस्कोप. १८१६ मध्ये लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून ऐकलं, कारण तरुण पेशंटच्या छातीला थेट कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. तो संकोच आपल्याही कामाचा आहे. बाई पेशंट असेल तर पडदा ओढा, सिस्टरला किंवा सोबतच्या बाईला थांबवा, काय करणार ते आधी सांगा, आणि पदराखालून हात घालण्याची घाई करू नका. पाठीकडून सुरुवात केली तर काकूंनाही बरं वाटतं, आणि फुप्फुसाचे खालचे भाग तिथेच नीट ऐकू येतात.

मे महिन्यात खरा शत्रू कूलर. पारा ४५च्या आसपास असताना ‘दोन मिनिटं कूलर बंद करा’ म्हटलं की सगळा वॉर्ड आपल्याकडे बघतो. म्हणून ऐकण्याचं काम सकाळी लवकर उरका. कपड्यावरून ऐकू नका. छातीचे केस घासले तरी क्रेपिटेशनसारखाच, म्हणजे फुप्फुसातल्या करकरीसारखाच, आवाज येतो. केस ओले केले की तो जातो. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लावा, दोन्ही बाजू त्याच जागी ताडून बघा. करकर ऐकू आली तर पेशंटला खोकायला सांगा आणि पुन्हा ऐका. कफाची असेल तर जागा बदलेल किंवा जाईल. हार्ट फेल्युअरची सहसा तिथेच राहील. शिट्टीसारखा आवाज म्हणजे दमाच, असंही नाही, हृदयाच्या पेशंटलाही तो येतो. आणि दम्याचा पेशंट धापा टाकतोय पण छाती एकदम शांत आहे, तर ती सुधारणा नव्हे, धोका आहे.

मर्मरच्या (हृदयाच्या ठोक्यांमधल्या जादा आवाजाच्या) मागे तुम्ही आत्ताच लागू नका. नाडी अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजा, सोबत छातीवरचे ठोकेही मोजा आणि फरक लिहा. एवढं आलं तरी या पोस्टिंगला पुष्कळ.

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ रस्ता लागतो. आपल्या कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांच्या चटया आणि डबे असतात, ते आधी गोडीनं बाजूला करून घ्या. गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक आलेला असेल तर ही चाचणी नाही. विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘चला चला, जोरात!’ असं ओरडायचं नाही; ठरलेल्या वेळी ठरलेलीच वाक्यं बोलायची, नाहीतर पुढच्या वेळचा आकडा ताडून बघता येत नाही. छातीत दुखलं, झोक गेला, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, की तिथेच खुर्ची द्या. ती खुर्ची आणि ऑक्सिजन जवळ असल्याशिवाय सुरूच करू नका.

लिहिताना ‘चेस्ट क्लिअर’ लिहून मोकळं होऊ नका. कोणत्या बाजूला, कुठे, बसवून की झोपवून, खोकल्याआधी की नंतर, ते लिहा. सॅच्युरेशनसमोर ऑक्सिजन किती लिटरवर होता तेही हवंच. २ लिटरवरचे ९१ आणि नुसत्या हवेवरचे ९१ हे दोन वेगळे पेशंट आहेत. आणि कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या सीओपीडीवाल्याला सहसा ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, तेव्हा आकडा कमी दिसला म्हणून ऑक्सिजनची चावी स्वतःहून फिरवायची नाही.