स्कोपच्या रेटिकलमधले कोन : या चुका टाळा

रायफलच्या दुर्बिणीत, म्हणजे स्कोपमध्ये, दिसणाऱ्या क्रॉसच्या आखणीला रेटिकल म्हणतात; तिची मापं एमओए (मिनिट ऑफ अँगल) किंवा मिलमध्ये असतात. एमओए म्हणजे इंच नव्हे आणि मिल म्हणजे सेंटिमीटर नव्हे. दोन्ही कोन आहेत. पंचांगात अंश, कला, विकला असतात, त्यातली कला म्हणजेच एमओए, अंशाचा साठावा भाग. कोन तोच राहतो, पण अंतर वाढलं की त्याच कोनात जास्त जागा मावते. 100 मीटरवर एक एमओए 2.9 सेंटिमीटर, तर 50 वर त्याच्या निम्मा. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग : 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, 50 वर 5. एवढं पाठ झाल्याशिवाय टरेटला, म्हणजे नेम सरकवायच्या स्कोपवरच्या फिरत्या बटणाला, हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त गोळ्या वाया जातात त्या रेटिकल एका मापात आणि टरेट दुसऱ्या मापात असल्यामुळे. पुष्कळ स्वस्त स्कोपमध्ये आत मिल-डॉट, म्हणजे एकेक मिलवर ठिपके, असतात आणि क्लिक, म्हणजे टरेटचे खटके, मात्र पाव एमओएचे. टरेटवर तसं छापलेलं असतं, पण वाचतो कोण?

रेंजवरचा एक मुलगा पॉइंट टू-टू रायफलवर नवा स्कोप बसवून आला. 50 मीटरवर ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) छान घट्ट, पण दोन मिल खाली, म्हणजे 10 सेंटिमीटर. 'एक मिल म्हणजे दहा क्लिक' हे कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं, म्हणून त्याने 20 क्लिक दिले. त्याचे 20 क्लिक म्हणजे 5 एमओए. ग्रुप जेमतेम सव्वासात सेंटिमीटर वर आला. स्कोप धरणारं माउंट सैल असणार, असं ठरवून त्याने रिंगा खोलल्या, पुन्हा कसल्या, आणि ग्रुप उजवीकडे पळाला. दुपारपर्यंत 50 गोळ्यांची पेटी संपली आणि तो स्कोप परत करायला निघाला. मी त्याला टरेटवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. एक मिल म्हणजे 3.44 एमओए. दोन मिलसाठी त्याला साडेसत्तावीस क्लिक हवे होते. माझ्या प्रत्येक स्कोपच्या झाकणाला आतून चिकटपट्टी असते : रेटिकल कशात, क्लिक केवढा. दोन मिनिटांचं काम आहे.

झूम बदलून डॉट मोजणं हीसुद्धा तशीच महागात पडणारी चूक. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल, म्हणजे झूमने लक्ष्य मोठं झालं तरी रेटिकल तेवढंच दिसत असेल, तर डॉटमधलं अंतर एकाच झूमला खरं असतं. 12 पटीला जो एक मिल, तो 6 पटीला दोन मिल. तो झूम कुठला, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

एका गोळीवरून टरेट फिरवू नका. निदान तीन मारा.

डोकं हलवल्यावर क्रॉस लक्ष्यावरून सरकत असेल, तर ती सरक म्हणजे पॅरॅलॅक्स; आधी ते नीट करा.

अंतर काढताना लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, मिलने भागा. अर्ध्या मीटरची पाटी 5 मिल दिसली तर 100 मीटर, साडेचार वाचली तर 111. म्हणून रायफल टेकवून, श्वास सोडून, दशांशापर्यंत वाचायचं. घाई असलेल्याने सरळ टेप लावावी.