इंटरफेस घ्यायलाय? आधी हार्मोनियम कुठं लावणार ते बघा

लातूर, परभणी, बीड, कुठंही जा, पोरं घरातल्या घरात गाणी रेकॉर्ड करायलेत. कुणी भजन, कुणी भीमगीत, कुणी रॅप, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये घालणारा बॉक्स, कोणता घेऊ? मॉडेलचं नाव विचारायच्या आधी एक ठरवा, एका टायमाला किती माईक लागणार. बाकी सगळं त्याच्या नंतर.

हे कामून म्हणायलो ते नीट सांगतो. नवीन माणसाला जे स्वस्तातले छोटे बॉक्स दाखवतात, म्हणजे फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगर यूएमसी २२, त्याच्यावर इनपुट दोन दिसतात पण माईकचं त्यातलं एकच असतं. दुसरं असतं गिटारसाठी. एक माणूस गिटार वाजवत गातो असा हिशोब धरून ते बॉक्स बनवलेत आणि त्या माणसासाठी ते चांगलेच आहेत. पण आपल्याकडं गाणारा बसतो हार्मोनियम घेऊन, शेजारी पखवाज नाहीतर ढोलकी, आणि गोंधळाचं गाणं असंल तर संबळ. ह्यातल्या एकालाही वायर लावायची पिन नाही, सगळ्याला माईकच लागतो. म्हणजे ते दुसरं इनपुट आपल्यासाठी नुसतं बसून राहणार (कीबोर्ड किंवा ऑक्टापॅड असंल तर गोष्ट वेगळी, पण तिथंही ते इनपुट लाइन सिग्नल, म्हणजे कीबोर्डसारख्या मशीनमधून वायरनं येणारा आवाज, घेतं का हे बघून घ्या). तुम्ही एकटेच गाणार, ट्रॅक मोबाईलवरून किंवा यूट्यूबवरून घेऊन त्याच्यावर आवाज टाकणार, तर एका माईकवाला बिनधास्त घ्या. पण हार्मोनियम घेऊन गाणार असाल तर माईकचे दोन पूर्ण इनपुट पाहिजेतच, आवाजाला एक आणि पेटीला एक. स्कार्लेट २आय२, यूएमसी २०२ एचडी, मोटू एम२, हे सगळे त्या जातीचे. भाव मॉडेलप्रमाणं बदलतो, आजचा विचारूनच बजेट धरा.

आख्खी भजनी मंडळी एकदम रेकॉर्ड करायची तर चार नाहीतर आठ इनपुटवाला लागंल. इथं बरेच जण म्हणतात की गावातल्या मांडववाल्याकडं यूएसबीवाला मिक्सर आहे, तोच लॅपटॉपला लावू. लावा, पण आधी एक तपासा, कारण बऱ्याच मिक्सरमधून यूएसबीतनं फक्त दोन ट्रॅक, म्हणजे सगळ्यांचं मिळून झालेलं एकच मिश्रण बाहेर येतं. नंतर टाळ जास्त वाटला तर कमी करता येत नाही, झालं ते झालं. ज्याच्यात प्रत्येक चॅनल वेगळा लॅपटॉपमध्ये जातो तो मिक्सर वेगळा आणि महाग असतो. आणि ते हसण्याच्या-टाळ्यांच्या बटणांचे व्ही-८ सारखे साउंड कार्ड मोबाईलवर लाइव्ह येण्यासाठी आहेत, त्यात एको आवाजासोबतच रेकॉर्ड होतो, स्टुडिओच्या कामाला ते घेऊ नका.

आता माईकशी जोडी. कंडेन्सर माईक (बारीक आवाजही पकडणारा, ज्याला वेगळी वीज लागते तो) असंल तर बॉक्सवर ४८ व्होल्टचं बटण पाहिजे, त्याशिवाय बहुतेक कंडेन्सर चालतच नाहीत. डायनॅमिक माईकला, शुअर एसएम ५८ सारख्या, ते लागत नाही, पण त्याला गेन, म्हणजे माईकचा आवाज बॉक्सनं किती वाढवायचा ते, जास्त लागतो. एसएम ७बी सारख्या माईकला तर कमीत कमी ६० डीबी गेन लागतो, आणि बऱ्याच स्वस्त बॉक्सचा गेन तिथपर्यंत पोचत नाही. स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीच्या २आय२ ला ५६ डीबी होता, चौथ्या पिढीला ६९ आहे, म्हणून सेकंडहँड घेताना पिढी कोणती ते विचाराच. माझं मत विचाराल तर आपल्या पत्र्याच्या, सिमेंटच्या घुमणाऱ्या खोल्यांमध्ये डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून गायलेलं लई साफ येतं, कंडेन्सर आख्खी खोली आणि कूलर सगळं ओढून घेतो. आणि वायर एक्सएलआर ते एक्सएलआरच, म्हणजे दोन्ही टोकाला तीन पिनांची, घ्या. माईकच्या वायरला मोठी पिन, जिला मांडववाले पी-३८ म्हणतात, ती लावून गिटारच्या इनपुटात घातली की आवाज बारीक आणि खरखरीत येतो, आणि लोक म्हणतात बॉक्सच खराब आहे.

हलगी, संबळ, ढोल असलं काही रेकॉर्ड करणार असाल तर उलटी अडचण असते, आवाज इतका जोरात की गेन शून्यावर असूनही लाल लाईट लागतो. त्यासाठी पॅडचं, म्हणजे आत येणारा आवाज कमी करणारं बटण असलेला बॉक्स बघा, यूएमसी २०२ एचडी ला आहे, आणि माईक दोन-तीन फूट लांब ठेवा.

बॉक्सवर १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो ते) मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आपलं काम झालं. त्यापेक्षा ड्रायव्हर, म्हणजे बॉक्स आणि लॅपटॉपची जोडणी करणारं सॉफ्टवेअर, बघा. विंडोज लॅपटॉप असंल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) आहे का, तुमच्या विंडोजला चालतो का, हे कंपनीच्या साईटवर आधी तपासा. ड्रायव्हर चांगला नसंल तर तुम्ही गाताय आणि हेडफोनमध्ये आवाज मागून येतोय असं होतं, ताल धरताच येत नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढं देतो तो आकडा) १२८ ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदाच्या आसपास, १०२४ ठेवला तर २१ च्या वर, आणि जाऊन-येऊन तो दुपटीपेक्षा जास्त भरतो. लॅपटॉप जुना असंल तर बफर कमी केल्यावर तडतड आवाज येतो, मग डायरेक्ट मॉनिटरचं बटण वापरा, तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये न फिरता सरळ हेडफोनला येतो. हे बटण नसलेला बॉक्स मी तरी कुणाला सांगणार नाही.

लाईटचं आपल्याकडं सगळ्यांना माहितीये. म्हणून यूएसबीवरच चालणारा घ्या, वेगळा अडॅप्टर लागणारा नको. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर दोघंही चालत राहतात आणि चालू टेक वाया जात नाही. हेडफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज येत असंल तर पहिलं काम, लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर बॉक्स बरोबर आहे, घराची अर्थिंग बघा. एप्रिल-मेमध्ये जमीन वाळून भेगाळली की अर्थिंग कमजोर होते, खड्ड्यात पाणी टाकलं की बऱ्याचदा फरक पडतो, नाहीतर वायरमनला बोलवा. आवाज जातो म्हणून अर्थिंगची पिन तोडून मात्र कधीच वापरू नका, जिवाचा खेळ आहे.

सेकंडहँड घेताना स्वतःचा लॅपटॉप, माईक आणि हेडफोन घेऊन जा. दोन्ही इनपुटला माईक लावून बोलून बघा, ४८ व्होल्ट कंडेन्सरवरच तपासा, बटणं हळूहळू फिरवून खरखर ऐका, यूएसबीची वायर जरा हलवून बघा कनेक्शन तुटतं का.

घरी आणला की पहिल्या दिवशी एवढंच करा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका, ६० दिवस फुकट चालतं, दोन ट्रॅक उघडा, एकाला इनपुट १, दुसऱ्याला २. पेटीचा माईक भात्याच्या हातापासून लांब, पट्ट्यांच्या वर फूटभर ठेवा, नाहीतर हवेची फुसफुस येते. मग गाण्यातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण जोर लावून गा, गुणगुणून नाही, आणि मीटर उणे १२ डीबीच्या आसपास थांबंल एवढाच गेन ठेवा. २४ बिटला आवाज कमी आला तरी नंतर वाढवता येतो, पण लाल लागून फाटलेला आवाज परत जुळत नाही.