फिल्म न्वारमधली बाई अभ्यासताना: आधी विचारा, हे सांगतंय कोण?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी फिल्म न्वार, म्हणजे १९४०-५०च्या दशकांतले हॉलिवूडचे गडद गुन्हेपट, त्यांतल्या स्त्रियांवर प्रबंध लिहायला घेतला तेव्हा माझ्या हातात तयार साचा होता. मार्गदर्शकांनीच दिलेला. एका रकान्यात पुरुषाला नादी लावून बुडवणारी ‘फाम फताल’, दुसऱ्यात त्याची वाट पाहणारी साधी बाई. चित्रपट बघायचा, बाई उचलायची, रकान्यात टाकायची. चार महिने मी तेच केलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, “ही बाई अशी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” माझी वाचाच बसली. अख्खं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

हेज कोड (हॉलिवूडची नैतिक बंधनांची जुनी नियमावली), जर्मन एक्स्प्रेशनिझम (गडद सावल्यांची जर्मन चित्रशैली), १९४६ मध्ये नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने वापरलेला ‘फिल्म न्वार’ हा शब्द, हे तुम्ही वाचलेलं असणार. त्यात पंधरा पानं घालवू नका. एवढं मात्र लक्षात असू द्या की हे चित्रपट करणाऱ्यांना आपण ‘न्वार’ करतोय हे ठाऊक नव्हतं.

मी फसले ते बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’त (१९४४). विमा एजंट वॉल्टर नेफ गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर (आवाज नोंदवायच्या यंत्रावर) वरिष्ठ सहकाऱ्यासाठी कबुली देऊ लागतो. पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट म्हणजे ही कबुली. डिट्रिक्सन या ग्राहकाची बायको फिलिस जिना उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या पायातल्या साखळीवर असतो, कारण वॉल्टरची नजर तिथे आहे. खून करून बसलेला माणूस आपल्या मर्जीतल्या माणसाला सगळं समजावून सांगतोय. त्याची फिलिस मी जशीच्या तशी उचलली आणि ‘फिलिसचं व्यक्तिमत्त्व’ असा मथळा दिला. ते वॉल्टरचं म्हणणं होतं. हे नीट समजून घ्या, कारण निवेदन कानात इतकं मुरतं की ते कोणाचं आहे याचाच विसर पडतो.

मग काय बघायचं? वॉल्टरला जे दिसणं शक्यच नव्हतं, ते. फिलिसच्या नवऱ्याच्या खुनाच्या वेळी तो गाडीत मागे दडलेला असतो. फिलिस तीनदा हॉर्न वाजवते, आणि कॅमेरा खुनाकडे न वळता तिच्या चेहऱ्यावर थांबतो. ती समोर रस्त्याकडे बघतेय. तो चेहरा वॉल्टरने पाहिलेलाच नाही. शेवटी तो यायच्या आधी ती एकटी घरात पिस्तूल खुर्चीच्या उशीखाली सरकवते, दाराची कडी काढून ठेवते, दिवे मालवते. तिथेही वॉल्टर नाही. हे दोन प्रसंग आवाज बंद करून दहा वेळा बघा. त्यातून ती निर्दोष ठरत नाही, उलट जास्तच थंड वाटते. पण निदान ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं.

पहिल्यांदा बघताना वॉल्टरवर विश्वास बसला तर घाबरू नका. चित्रपटाची बांधणीच तशी आहे.

‘गिल्डा’ने (१९४६) मला जास्त लाज आणली. गिल्डा झालेली रीटा हेवर्थ गाता गाता हातमोजा उतरवते, आणि मी गिल्डाला थेट पहिल्या रकान्यात टाकलं होतं. तिथेही निवेदन पुरुषाचं, तिच्या जुन्या प्रियकराचं, जॉनीचं. ती बेइमान नव्हतीच, हे अखेरीस पोलीस अधिकारी त्याला सांगतो. उलट ‘मिल्ड्रेड पिअर्स’मध्ये (१९४५) पोलीस ठाण्यात बसून बाईच आपली कहाणी सांगते, तर तीही खरं दडवते, मुलीसाठी. म्हणजे बाई बोलली की सत्य कळलं, असंही नाही.

एक स्पष्ट सांगते. चित्रपट समजावून सांगणाऱ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर प्रबंध उभा करू नका. त्यात खिडकीच्या पट्ट्यांची सावली दिसली की ‘तुरुंगाचं प्रतीक’ म्हणून मोकळे होतात. ‘डबल इन्डेम्निटी’चा छायालेखक जॉन साइट्झने डिट्रिक्सन यांच्या घरातल्या उन्हात धूळ दिसावी म्हणून हवेत अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी उडवली होती. त्या खोलीतली हवा कोंदट आहे, हे वॉल्टर सांगायच्या आधी प्रकाश सांगतो. सावलीचा अर्थ लावण्याआधी ती कोणत्या वेळी, कुणाच्या अंगावर पडते ते वहीत टिपा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

आणि मार्गदर्शकांनी साचा दिला तर घ्या, भांडू नका. माझे मार्गदर्शक वाईट नव्हते, घाईत होते. फक्त त्यात न बसणारी एक बाई शोधून पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर ठेवा.

सध्या मी गुरु दत्तच्या ‘बाजी’वर (१९५१) काम करतेय. तिथे क्लबातली गीता बाली नायकाला धोक्याचा इशारा देते तो गाण्यातून, भर क्लबात, सगळ्यांसमोर. त्या गाण्याचे शॉट मी गेला आठवडाभर मोजतेय: तिचा चेहरा किती वेळ दिसतो, त्याचा किती, आणि कोण कुणाकडे बघतंय.