या चुका टाळा: नीटनंतरच्या मेडिकल प्रवेशात सांगली-साताऱ्याची मुलं कुठे अडकतात

"मॅडम, पोरीला एवढे मार्क पडलेत आणि कराडचं नाव लिस्टीतच दिसंना!"

कडेगावहून एका वडिलांचा फोन होता. संध्याकाळचे साडेसात वाजलेले, आणि दुसऱ्या दिवशी प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची क्रमवार यादी, बंद होणार होता. मुलगी सीईटी सेलच्या, म्हणजे राज्यातले प्रवेश बघणाऱ्या ऑफिसच्या, साईटवर कराडचं कृष्णा कॉलेज शोधत बसली होती आणि अख्खं घर तिच्या खांद्यावरून डोकावत होतं. ते कॉलेज तिथे सापडणारच नव्हतं. कृष्णा हे अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे आपण ज्याला डीम्ड म्हणतो ते. डीम्डच्या सगळ्या जागा दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, एमसीसी, भरते. तिथल्या त्या राऊंडच्या नोंदणीची मुदत तर आधीच संपली होती.

मी सांगलीत ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. जून ते सप्टेंबर आमच्या घरचा हॉल पालकांनी आणि फायलींनी भरलेला असतो. कमी मार्कांमुळे जागा गेली तर पोरं रडतात आणि पुन्हा अभ्यासाला लागतात. पण मार्क असताना एखाद्या दाखल्यापायी जागा गेली की ते घर वर्षभर सावरत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

दोन दरवाजे आहेत, हे आधी पक्कं करा

पहिला दरवाजा केंद्राचा. देशभरातल्या शासकीय मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा, सगळी एम्स, जिपमर आणि सगळी डीम्ड विद्यापीठं एमसीसीकडे असतात. दुसरा दरवाजा राज्याचा, म्हणजे सीईटी सेलचा. शासकीय कॉलेजांतल्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातली खासगी कॉलेजं तिथून भरतात.

आता हे आपल्या भागावर लावून बघा. मिरजेचं शासकीय कॉलेज १९६२ सालचं आणि २०० जागांचं, त्यातल्या साधारण ३० केंद्राकडे, बाकीच्या राज्याकडे. साताऱ्याचं शासकीय कॉलेज २०२१-२२ ला १०० जागांनी सुरू झालं, तिथेही हाच हिशोब. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ ही दोन्ही डीम्ड, त्यामुळे पूर्णपणे केंद्राकडे. ईश्वरपूरचं, म्हणजे आपल्या जुन्या इस्लामपूरचं, प्रकाश हे खासगी आहे, ते राज्याच्या यादीत मिळेल. घरापासून तासाभराच्या अंतरावरची कॉलेजं आहेत, पण त्यांचे अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी जातात. सांगलीतल्या पोराला सांगलीतलंच भारती हवं असेल तरी अर्ज दिल्लीलाच करावा लागतो.

दोन्हीकडे नोंदणी वेगळी, फी वेगळी आणि नियमही वेगळे. केंद्राच्या पहिल्या राऊंडला मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येतं, त्याला फ्री एक्झिट म्हणतात. तोच नियम राज्याला लागू आहे असं धरून चालू नका, राज्याची माहितीपुस्तिका वेगळी वाचा. बीएएमएस, बीएचएमएसचे ऑल इंडिया राऊंड आणखी तिसरीकडे, आयुषच्या स्वतंत्र कमिटीकडे असतात. ते डोक्यात असणाऱ्यांनी आधीच नोंद करून ठेवावी, एमबीबीएसचं सगळं संपल्यावर जाग येऊन उपयोग नसतो.

पैशांचंही बघा. केंद्रात ऑल इंडिया कोट्यासाठी परत मिळणारी अनामत खुल्या गटाला १०,००० आणि राखीव गटाला ५,००० रुपये असते. डीम्डसाठी मात्र सरसकट २ लाख. दुसऱ्या राऊंडला जागा मिळाली आणि घेतली नाही तर ही अनामत बुडते. "बघू तरी लागतंय का" म्हणून दुसऱ्या राऊंडला डीम्डची चार नावं टाकणारे पालक मी पाहिलेत. तिथली वर्षाची फी लाखांच्या दोन आकडी घरात असते. ती झेपणार नसेल तर नाव टाकूच नका. आणखी एक, पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात अनामत परत येते. नेट कॅफेवाल्याच्या कार्डवरून भरले असतील तर नंतर त्याच्या मागे फिरावं लागेल.

गेल्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचा अंदाज बांधू नका

२०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६. पेपर एवढा बदलला, तर "शेजारच्या पोराला ६२० ला मिरज मिळालं नाही, आपल्याला ५४० ला काय मिळणार" हे बोलणं पोकळ ठरतं. तुलना करायची तर रँकची करा. केंद्रासाठी ऑल इंडिया रँक, राज्यासाठी एसएमएल, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर. मागच्या वर्षी शेवटच्या राऊंडला तुमच्या प्रवर्गात कोणत्या एसएमएलपर्यंत जागा गेली ते पाहा. पहिल्या राऊंडचा आकडा पाहून धीर सोडू नका.

जुन्या याद्या वाचताना एक खबरदारी घ्या. विभागवार ७०:३० चा नियम, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, २०२० मध्ये रद्द झाला. त्याआधीचे 'उर्वरित महाराष्ट्र' असे लिहिलेले कटऑफ आज निरुपयोगी आहेत.

प्रेफरन्स फॉर्म: भीतीपोटी केलेली उलटापालट

सगळ्यात जास्त वेळ मला इथे समजवावं लागतं. मुलं म्हणतात, "मॅडम, वरचं कॉलेज लागणार नाही, ते वर टाकलं तर खालचं पण जाईल ना?" नाही जाणार. संगणक एकेका मुलाला रँकप्रमाणे घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचतो. पहिलं नाव भरलेलं असेल तर दुसरं, तेही भरलेलं असेल तर तिसरं. पहिल्या नावावर नकार आला म्हणून तिसऱ्या नावावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट भीतीपोटी साताऱ्याच्या वर एखादं लांबचं खासगी कॉलेज टाकलंत, तर संगणक तेच देऊन मोकळा होतो. साताऱ्याची जागा तुमच्या रँकला शिल्लक असूनही.

त्यामुळे यादी मनाच्या क्रमानेच लावा. आधी कागदावर पेनाने लिहा, घरात बसून एकदा वाद घाला, मग ऑनलाईन भरा. फी, बाँड आणि अंतर या तिन्ही गोष्टी त्याच वेळी बोलून घ्या. शासकीय कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते, नाही केली तर १० लाख भरावे लागतात, हे घरच्यांना आधी माहीत असावं. जिथे कोणत्याही परिस्थितीत जायचं नाही ते नाव यादीत नकोच. केंद्राच्या प्रत्येक राऊंडला चॉईस नव्याने भराव्या लागतात, जुनी यादी आपोआप पुढे जात नाही. लॉक केल्यावर प्रत डाउनलोड करा आणि कोड नंबर ताडून पाहा. मिरज समजून भलत्याच कॉलेजचा कोड टाकलेला मी पाहिला आहे.

कागदांची तयारी अकरावीत सुरू होते

जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, निकालानंतर काढायला गेलात तर उशीर झालाच समजा. अकरावी सायन्सला ॲडमिशन झाली की जिल्हा समितीकडे प्रस्ताव टाका. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी गावनोंद, आडनावातला फरक यात महिने जातात. सरकारने काही वर्षी पावतीवर मुदतवाढ दिलेली आहे, पण ती यंदाही मिळेल या भरवशावर पोराचं वर्ष टांगू नका. मुदतीत व्हॅलिडिटी नसेल तर मूल खुल्या गटात जातं, आणि खुल्या गटात त्याच मार्कांना काय लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नॉन-क्रिमीलेअरवर 'कधीपर्यंत वैध' हे नीट वाचा. प्रवेशाच्या वर्षी पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला लागतो. त्याच ३१ मार्चला संपलेला दाखला घेऊन जुलैमध्ये येणारी चार तरी घरं मला दरवर्षी भेटतात.

दाखल्याचा नमुना राज्याचा की केंद्राचा, यावर सगळ्यात मोठा गोंधळ होतो. एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, १० टक्के आरक्षण फक्त राज्याचं आहे. एमसीसीकडे तो प्रवर्गच नाही. मराठा मुलाला तिथे खुल्या गटातून जावं लागतं, किंवा केंद्राच्या अटींत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाच्या, दाखल्यावर. घरात कुणबी नोंद सापडून ओबीसी दाखला निघाला असेल, तर मग सगळे अर्ज त्याच एका धाग्याने भरा. राज्यात एक, केंद्रात दुसरं आणि नीटच्या फॉर्मवर तिसरं असं करू नका. एनटी आणि व्हीजे, म्हणजे भटक्या-विमुक्त, मुलांनाही केंद्रात त्या नावाने जागा नसते. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला तहसीलमधून काढावा लागतो. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या पालकांना हे कुणी सांगतच नाही आणि मुलं केंद्रात विनाकारण खुल्या गटात लढतात.

आता जतचा विषय निघालाच आहे तर सीमेवरच्यांसाठी एक महत्त्वाचं. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत, पण आपल्यापैकी बहुतेकांना त्या लागू होत नाहीत. जतमधल्या कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकलेलं मूल यात बसतं, कारण शाळा महाराष्ट्रात आहे. पण बारावीला विजयपूर, अथणीला गेलेलं किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाऊन तिथेच बारावीचा फॉर्म भरलेलं मूल बसत नाही. क्लास कुठेही लावा, बारावी इथल्या कॉलेजातूनच द्या. हा निर्णय दहावीच्या सुट्टीत होतो आणि त्याची किंमत दोन वर्षांनी कळते.

बाकीचं थोडक्यात. मेडिकल फिटनेसचा दाखला माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच हवा, फॅमिली डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा चालत नाही. रिपीटरने गॅप ॲफिडेव्हिट करून ठेवावं. मध्ये बीएस्सी किंवा फार्मसीला प्रवेश घेतला असेल तर मूळ मार्कलिस्ट आणि एलसी तिथे अडकलेले असतात. ते सोडवायला किती दिवस लागतात हे जूनमध्येच त्या ऑफिसात विचारा. नावाच्या स्पेलिंगमधला फरक आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून तपासा.

सही करण्याआधी फॉर्मचं नाव वाचा

माझ्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट. पहिल्या कॅप राऊंडला, म्हणजे राज्याच्या पहिल्या प्रवेशफेरीला, घरापासून फार लांबचं खासगी कॉलेज मिळालं. बापलेक रात्रभर प्रवास करून पोचले, फी भरली. काउंटरवरून आणखी एक फॉर्म पुढे आला आणि "प्रवेश पक्का करायला सही करा" असं सांगितलं. पोराने केली. तो स्टेटस रिटेन्शन फॉर्म होता. तो भरला की 'हीच जागा मला ठेवायची आहे' असा अर्थ होतो आणि पुढच्या राऊंडमधून नाव निघून जातं. दुसऱ्या राऊंडला त्याच्या मागच्या एसएमएलच्या मुलाला शासकीय कॉलेज मिळालं. त्या वडिलांना फोनवर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राऊंडला वरचं कॉलेज, हवं असेल तर प्रवेश घ्या, पण तो फॉर्म भरू नका. मात्र पुढच्या राऊंडला वरचं कॉलेज मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते, मग परत फिरता येत नाही. केंद्राच्या पहिल्या राऊंडला याच्या उलट आहे: कॉलेजमध्ये प्रवेश घेतानाच अपग्रेडेशनसाठी होकार नोंदवावा लागतो. केंद्राची जागा सोडायची झाली तर कॉलेजकडून एमसीसीच्या पोर्टलवरून निघालेलं राजीनाम्याचं पत्र हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका. साध्या कागदावर लिहून दिलेला राजीनामा धरला जात नाही. मूल केंद्राच्या यादीत अडकून राहिलं तर राज्याची जागा हातची जाते.

एजंट आणि फी

"मॅनेजमेंटची सीट करून देतो" असा फोन आला की ठेवून द्या. खासगी कॉलेजातला १५ टक्के संस्थात्मक कोटासुद्धा सीईटी सेलमार्फत, नीटच्या गुणवत्तेवरच भरतो. फी कितीतरी पट असते, पण ती जाहीर असते. त्यावर देणगी मागणं हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. नोंदणी स्वतःच्या मोबाईल नंबरवर करा, ओटीपी कुणालाही सांगू नका.

मुलींच्या पालकांनी २०२४ चा शासन निर्णय लक्षात ठेवावा. एसईबीसी, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला शिक्षण शुल्क माफ आहे. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर. डीम्डला आणि संस्थात्मक कोट्याला हे लागू नाही. खासगी कॉलेज यादीतून खोडण्याआधी हा हिशोब मांडून पाहा, काही घरांत यादीचा सगळा क्रमच बदलतो.

आणि पावसाचं धरून चाला

राऊंड नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा सांगलीत वीज नव्हती, नेट नव्हतं, रस्ते बंद होते. २०२१ च्या जुलैतही पाणी आलंच. तेव्हापासून गावभागातल्या आणि नदीकाठच्या मुलांना मी सांगते: सगळी कागदपत्रं स्कॅन करून ईमेलवर ठेवा, मूळ फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावरच्या नातेवाइकांकडे द्या, लॉगिन आणि पासवर्ड पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणाऱ्या एका भरवशाच्या माणसाजवळ असू द्या. पाणी वाढायला लागलं की शेवटच्या तारखेची वाट न बघता पहिल्याच दिवशी कॉलेज गाठा. जाताना मूळ कागद, झेरॉक्सचे तीन संच, नीटच्या फॉर्मवर लावला होता त्याच फोटोच्या दहा प्रती आणि काढून ठेवलेला डीडी. तो डीडी कोणाच्या नावाने हवा, हे आधी कॉलेजला फोन करून विचारा.