क्रेमोनात बिऱ्हाड करताना

इटलीत मिलानहून रेल्वेने तास-सव्वातासावर क्रेमोना आहे. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या मिरजेपेक्षाही लहान. तिकडे सतारी-तंबोरे, इकडे व्हायोलिनं. मिरजेत भोपळ्याचा तंबोरा होतो, इथे तोच भोपळा करंजीसारख्या तोर्तेल्लीत सारण म्हणून जातो, एवढाच काय तो फरक, असं मी घरी फोनवर सांगायचे. ते खरं नव्हतं. फरक कागदांत आहे, म्हणून कागदांपासूनच सुरू करते.

निघण्याआधी तुमचं नाव नक्की करा. हसू नका. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. इथला कारकून ते सगळं तुमचंच नाव धरतो. मी वर्षभर वडिलांच्या नावासकट हाक ऐकली. मुलींनो, तुमच्यासाठी आणखी एक : इटलीत लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, हे त्यांना उलगडत नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र भारतातूनच आणा. जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पदवी यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून घ्या, इटालियन भाषांतरही तिथेच उरका. इथे येऊन हे करायचं म्हणजे भावाला रजा टाकून मुंबईच्या फेऱ्या मारायला लावणं.

नावाचा हा घोळ पुढे सगळीकडे झिरपतो, कारण कोदिचे फिस्काले हा सोळा अक्षरांचा कर-क्रमांक नावा-आडनावाच्या अक्षरांतूनच बनतो. त्यात जन्मतारीख असते. बायकांच्या तारखेत ४० मिळवतात, म्हणजे ७ तारखेला जन्मलेली बाई ४७. शेवटच्या अक्षराआधी झेड२२२ दिसलं की समजा, हे आपलं भारत. या क्रमांकाशिवाय घर नाही, बँक नाही, सिमकार्डही नाही. मिळाल्या मिळाल्या एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा.

मग पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो, म्हणजे राहण्याचा परवाना. देशात आल्यापासून कामाच्या ८ दिवसांत अर्ज लागतो. नोकरीच्या व्हिसावर आला असाल तर आधी राहण्याच्या करारावर सही होते. नंतर टपाल कचेरीत अर्जाचा लिफाफा भरून द्यायचा. १६ युरोचा मार्का दा बोल्लो, म्हणजे आपला स्टॅम्प, तंबाखूच्या दुकानात मिळतो; बाहेर मोठा 'टी' लिहिलेलं ते दुकान. टपालाचे ३० युरो वेगळे, परवान्याचं शुल्क वेगळं. हातात पडते ती रिचेवूता नावाची पावती. खरं कार्ड यायला महिने जातात, तोवर ही पावतीच तुमचा जीव. तिच्यावर भारतात जाऊन येता येतं, पण वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशात, उतरायचं नाही. फ्रँकफर्टवरून स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका, आखातातून जा.

आता घर. इथल्या 'विनाफर्निचर' घरात कधीकधी स्वयंपाकघराचा ओटासुद्धा नसतो. भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले असतात. करार ४ अधिक ४ वर्षांचा किंवा ३ अधिक २ चा, अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. भाड्याशिवाय इमारतीचा खर्च किती, हे आधी विचारा, त्यात हीटिंग धरलंय का तेही. सामाईक हीटिंग इथे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतं. १० ऑक्टोबरला थंडी पडली तर स्वेटर घालायचा. तळमजला घेऊ नका. पो नदीच्या खोऱ्यातलं धुकं नोव्हेंबरात उतरतं आणि कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. घरातली वीज सहसा ३ किलोवॅट. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकत्र लावलंत की अंधार, आणि मीटर कधीकधी तळघरात असतो.

घर मिळालं की त्याच दिवशी दाराच्या बेलवर आणि टपालपेटीवर नावाची पट्टी लावा. कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत, रहिवासाची नोंद केली की तुम्ही खरोखर तिथे राहता का, हे बघायला ४५ दिवसांत माणूस येतो. मी बेलवर जुन्या भाडेकरूचंच नाव राहू दिलं होतं. माणूस आला, नाव दिसेना, परत गेला. मी आत भांडी घासत होते! ही नोंद झाली की ओळखपत्र मिळतं. आरोग्य कार्ड काढून घ्या आणि आपला मेदिको दि बाझे, म्हणजे नेमून दिलेला डॉक्टर, निवडून ठेवा. गाडी चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं : भारतीय लायसन्स रहिवास मिळाल्यापासून एकच वर्ष चालतं, बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा द्यावी लागते, इंग्रजीत नसते. ३० प्रश्न, २० मिनिटं, चुका फक्त ३.

भाषेबद्दल सगळे विचारतात. मिलानमध्ये इंग्रजीवर निभेल, इथे नाही. पण लहान गावात चुकीचं बोललेलं कोणी मनावर घेत नाही, न बोललेलं मात्र घेतात. दुकानात शिरताना 'बोन्जोर्नो' म्हणा, मगच काय हवं ते सांगा. बुधवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो. तिथे भाजी हाताने निवडायची नाही, विकणारा देईल ती घ्यायची. मेथीची जुडी उलटसुलट करून बघणाऱ्या बाईला हे फार जड जातं. सुपरमार्केटात उलट : प्लास्टिकचा मोजा घालून स्वतः निवडा, वजन करून चिकटपट्टी लावा. दुपारी बरीच दुकानं बंद, काही सोमवारी सकाळीही. ऑगस्टच्या मध्यात तर गावच बंद, तेव्हा त्या महिन्यात येऊच नका.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं पुरत नाही; हॅम आणि ट्यूना ही वेगळी गोष्ट समजतात. तिन्हींची नावं घेऊन नाही म्हणा. मारुबीनी या इथल्या प्रसिद्ध भरलेल्या पास्त्यात मांसच असतं, आणि काही पावांत डुकराची चरबी, तिचं नाव स्त्रुत्तो. पण घरचं जेवण अडत नाही. फारीना दि चेची म्हणजे बेसनच. पहिल्या आठवड्यात मी पिठलं केलं ते त्याचंच. सेमोला रीमाचिनाता, म्हणजे बारीक दळलेला रवा, त्याच्या पोळ्या बऱ्या होतात, थोडं जास्त मळावं लागतं. ग्रीक दही फडक्यात बांधलं की चक्का तयार.

तूरडाळ, आटा आणि हिरव्या मिरच्या पंजाबी दुकानात मिळतात. या भागातल्या गोठ्यांत अनेक पंजाबी लोक काम करतात. जवळच्या पेस्सीना क्रेमोनेझे गावात २०११ मध्ये मोठा गुरुद्वारा उघडला. मला फॉर्म भरायला खरी मदत झाली ती तिथल्या एका काकूंची. त्यांची हिंदी आणि माझी हिंदी दोन्ही यथातथाच, पण कुठल्या खिडकीवर किती वाजता रांग लावायची हे त्यांना तोंडपाठ होतं.

येताना गोडा मसाला, पोहे आणि चांगलं हिंग आणा. कुकर आणला तर त्याच्या रिंगा दोन जास्तीच्या आणा. माझी पहिल्याच हिवाळ्यात गेली आणि त्या मापाची इथे कुठेच मिळाली नाही.